इम्प्लांट पक्का, हिरडी सरकलेली

तक्रार बहुधा याच शब्दांत येते: "डॉक्टर, हा दात लांब झालाय का हो?" दात म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्या इम्प्लांटवरची कॅप. हातात आरसा दिला की पेशंट ओठ वर उचलून नेमकी जागा दाखवतात. शेजारच्या दातांची हिरडी होती तिथेच आहे. या एका दाताची मात्र दोनेक मिलिमीटर वर गेली आहे आणि कॅपच्या कडेला राखाडी रेघ दिसते आहे. दात दुखत नाही, हलत नाही, एक्स-रेमध्ये हाडही व्यवस्थित आहे. बसवणाऱ्याच्या नोंदवहीत हा इम्प्लांट यशस्वी म्हणून नोंदलेला असतो, आणि ज्यांच्या तोंडात तो आहे त्या बाई हसताना तोंडापुढे हात धरतात.

हे पुस्तक त्या दोन मिलिमीटरांविषयी आहे. सरकलेली हिरडी जागेवर आणता येते का, कशाने, किती, आणि कोणाच्या बाबतीत तो प्रयत्नच करू नये, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. रुग्ण असोत की नव्याने दवाखाना टाकलेले दंतवैद्य, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "कुठला ग्राफ्ट चांगला?" हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी स्क्रू हाडात नेमका कुठे आणि कोणत्या कोनात बसला आहे ते पाहायचं, मग त्याच्यावरची कॅप कशी घडवली आहे ते, मग हिरडीची जाडी. या तिन्ही गोष्टी समजल्या की ग्राफ्ट कोणता हे बहुतेक वेळा आपसूक ठरतं. त्या न पाहता लावलेला ग्राफ्ट कितीही सफाईने शिवलेला असला तरी टिकेल याची खात्री देता येत नाही.

हिरडीकडे इतकं उशिरा लक्ष जाण्याला इतिहास आहे. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासताना लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर हे तंत्र जगभर पसरलं. सुरुवातीचे रुग्ण तोंडाचं पार बोळकं झालेले होते. त्यांना भाकरी-पाव चावता यावा एवढीच अपेक्षा होती. पाच-सहा स्क्रूंवर हिरडीपासून थोडी उंच ठेवलेली पूर्ण पंगत बसायची. खालून साफ करायला जागा राहायची आणि हिरडीची कड ओठाआड झाकलेली असायची. पुढे एकेका पटाशीच्या दाताच्या जागी इम्प्लांट बसू लागले, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना देवाने दिलेले दात तुलनेला उभे राहिले. यश फक्त हाडावर मोजून भागेना.

नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांच्याभोवतीची हिरडी वरून सारखीच दिसते. आत मात्र मोठा फरक आहे. दाताच्या मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो आणि हिरडीतले तंतू त्यात आडवे शिरून घट्ट रुतलेले असतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पेरिओडॉन्टल लिगामेंट असतं. त्यातून रक्तवाहिन्या वर चढून हिरडीला रक्त पुरवतात. इम्प्लांटला यांतलं काहीच नाही. तिथले तंतू धातूला समांतर धावतात किंवा शर्टाची कॉलर गळ्याभोवती बसावी तसा त्याला वळसा घालतात. धातूत शिरत नाहीत. लिगामेंट नसल्यामुळे रक्ताची एक मोठी वाट बंद होते. हाडाकडून आणि हाडावरच्या आवरणाकडून मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. गोथेनबर्गच्याच संशोधकांनी १९९० च्या दशकात कुत्र्यांच्या जबड्यांवर केलेल्या अभ्यासांतून हे चित्र स्पष्ट झालं. तिथली ऊती तंतूंनी भरलेली, पेशी आणि रक्तवाहिन्या कमी असलेली, जखमेच्या व्रणासारखी असते. व्रणावर पुन्हा शस्त्रक्रिया करून ती जखम भरून यावी म्हणून धडपडणं किती अवघड असतं, हे कुठल्याही सर्जनला विचारावं.

दुसरी अडचण हाडाची. वरच्या पटाशीच्या दातांपुढे ओठाच्या बाजूला जी हाडाची भिंत असते ती पुष्कळांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिचा मोठा भाग दाताच्या लिगामेंटवर जगतो. दात काढला की ती विरघळू लागते, आणि त्या जागी इम्प्लांट ठेवला तरी तिचं विरणं थांबत नाही. भिंत गेली की तिच्या आधाराने उभी असलेली हिरडी खचते. "सकाळी दात काढा, संध्याकाळी नवा दात घेऊन जा" अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. भिंत शाबूत असेल, हिरडी जाड असेल आणि स्क्रू योग्य जागी बसवणारा हात असेल, तर लगेच इम्प्लांट ठेवणं शास्त्राला मान्य आहे. या तिन्ही अटी त्या पाटीवर लिहिलेल्या नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्क्रूच्या जागेबद्दल एक अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. २००८ मध्ये इव्हान्स आणि चेन यांनी दात काढल्याबरोबर बसवलेल्या ४२ इम्प्लांटची तपासणी केली. स्क्रू ओठाच्या बाजूला झुकलेला होता तिथे हिरडी सरासरी १.८ मिलिमीटर सरकली होती. टाळूच्या बाजूला राखून बसवलेला होता तिथे ०.६ मिलिमीटर. म्हणजे तिप्पट. स्क्रू बसवताना हात किंचित बाहेर गेला तर पुढे दोन-दोन ग्राफ्ट करूनही ती चूक पूर्ण झाकता येत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. कॅपचा हिरडीलगतचा भाग फुगीर असेल तर तो हिरडीला वर ढकलतो. कॅप बसवताना खाली राहिलेलं सिमेंट सूज आणतं. इम्प्लांटभोवतीची घट्ट, न हलणारी हिरडी संपलेली असेल तर ओठ-गालाच्या प्रत्येक हालचालीबरोबर कड ओढली जाते. तिथे ब्रश लागला की झोंबतं, म्हणून माणूस तिथे ब्रश फिरवायचं टाळतो, आणि मग सूज वाढते. नवी कॅप बसल्यावर पहिल्या काही महिन्यांत हिरडी साधारण एक मिलिमीटर सरकते, ते अपेक्षितच असतं. म्हणून पुढच्या दातांत तात्पुरती कॅप ठेवून तीनेक महिने थांबावं आणि मग कायमची कॅप करावी, हा संयम फार उपयोगी पडतो.

पू येत असेल, हात लावताच रक्त येत असेल आणि एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसत असेल, तर तो पेरिइम्प्लांटायटिस आहे. आधी त्यावर उपचार. संसर्गावर हिरडीचं पांघरूण घालू नये.

आता ग्राफ्टकडे येऊ. पुण्याचं नाव शस्त्रक्रियेच्या जागतिक इतिहासात ज्या कारणाने नोंदलं गेलं, तिथून सुरुवात करणं मला योग्य वाटतं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुढे पुण्याजवळच्या एका कारागीर जातीतल्या वैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. त्या वैद्याने त्वचा कपाळावरून पूर्ण तोडली नव्हती. भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ शाबूत ठेवला होता. त्यातून रक्त येत राहिलं, नाक रुजलं, आणि सुमारे २५ दिवसांनी तो देठ कापला. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. हिरडीच्या शस्त्रक्रियेत आजही तोच प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो: नव्या जागी रक्त कुठून येणार?

शेजारची हिरडी सैल करून, तिचा देठ न तोडता कॅपच्या कडेवर ओढून शिवली तर तिला फ्लॅप म्हणतात. तिचं रक्त तिच्याबरोबर येतं. इम्प्लांटवर नुसता फ्लॅप ओढला तर तो पुन्हा मागे सरकण्याची शक्यता बरीच असते, कारण खाली धरून ठेवणारं काही नसतं आणि तो स्वतः पातळ असतो. म्हणून त्याच्या खाली टाळूतून काढलेला एक थर ठेवतात. हाच कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट. लँगर आणि कलाग्ना यांनी १९८० मध्ये तो मांडला, १९८५ मध्ये तो दातांच्या उघड्या मुळांवर वापरला गेला, आणि आज इम्प्लांटभोवतीही हाच सर्वाधिक भरवशाचा मानला जातो.

तो कसा काढतात हे रुग्णाला माहीत असलं की भीती निम्मी होते. टाळूला भूल दिल्यावर सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यात, दातांच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर राखून १५ नंबरच्या ब्लेडने छेद घेतात. टाळूची मोठी धमनी फार दूर नसते. टाळू सपाट असेल तर ती दातांच्या कडेपासून सरासरी सातेक मिलिमीटरवर, मध्यम असेल तर बारा आणि उंच घुमटासारखा असेल तर सतरा मिलिमीटरवर असते. म्हणून आधी बोटाने टाळूचा आकार चाचपून पाहायचा. वरची कातडी दरवाजासारखी उघडून आतला थर काढतात, किंवा कातडीसकट पट्टी काढून बाहेर ती कातडी खरवडतात. इटलीतल्या बोलोन्याच्या जोव्हानी झुकेल्ली यांनी दुसरी पद्धत लोकप्रिय केली. तिच्यात थर दाट आणि एकसारखा मिळतो. पिवळसर चरबी व ग्रंथींचे कण साफ करायचे. पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाड ठेवायची, सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळायची आणि लगेच जागेवर न्यायची. ती अगदी बारीक, ५-० किंवा ६-० च्या टाक्याने शिवतात. मग ओल्या गॉजने काही मिनिटं घट्ट दाबून धरायचं, म्हणजे ग्राफ्ट आणि खालची जागा यांच्यामध्ये रक्ताची जाड गुठळी साचत नाही. ही दाबून धरलेली मिनिटं घाईत उरकू नयेत. ग्राफ्टचं भवितव्य त्यांवरही ठरतं.

पहिले दोन-तीन दिवस ती पट्टी आजूबाजूने पाझरणाऱ्या द्रवावर जगते. नंतर नव्या केशवाहिन्या तिच्यात शिरू लागतात, आणि पहिल्या दीडेक आठवड्यात रक्त खेळू लागतं. टायटॅनियममधून रक्ताचा थेंबही येत नाही. म्हणून पट्टीचा जो भाग धातूवर आहे तो दोन्ही बाजूंच्या जिवंत ऊतींकडून रक्त घेऊन जगतो, आणि त्यामुळेच ती धातूच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब पसरलेली असावी लागते. या काळात सिगारेट ओढली तर रक्तवाहिन्या आकसतात. आपल्याकडे दुसरी एक अडचण अधिक घरगुती आहे. अनेक स्त्रिया रोज सकाळी मिश्री लावतात आणि ती तंबाखू आहे असं त्यांना वाटतच नाही. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या खरेपणाने "नाही" म्हणतात. "काकू, मिश्री लावता का?" असं नाव घेऊनच विचारायला हवं. सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णांचा टाळू पांढुरका, टणक आणि रक्त कमी असलेला झालेला असतो. अशा टाळूतून ग्राफ्ट काढणं अवघड, तिथली जखम भरणंही अवघड. आत वाकून शिवायला तर जागाच उरत नाही.

ग्राफ्टच्या आधी कॅपचं काय करायचं, हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. २००८ मध्ये बर्कहार्ट, जॉस आणि लँग यांनी दहा रुग्णांत इम्प्लांटवर फ्लॅप आणि टाळूचा ग्राफ्ट केला. शस्त्रक्रिया संपली तेव्हा हिरडी गरजेपेक्षाही पुढे आणलेली होती. सहा महिन्यांनी सरासरी ६६ टक्के भाग झाकलेला राहिला, आणि एकाही रुग्णात पूर्ण झाकला गेला नाही. २०१३ मध्ये झुकेल्ली आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांत वेगळी वाट धरली. आधी जुनी कॅप काढली, खालचा अबटमेंट, म्हणजे स्क्रू आणि कॅप यांना जोडणारा भाग, घासून बारीक केला, मग फ्लॅप आणि ग्राफ्ट, आणि हिरडी पक्व झाल्यावर नवी कॅप. वर्षाने सरासरी ९६ टक्के भाग झाकलेला होता, आणि चारांपैकी तीन रुग्णांत पूर्ण. दोन्ही गटांत रुग्ण थोडे आहेत, तंत्रातही फरक आहे. तरीही मला या अंतरात कॅप काढण्याचा वाटा मोठा दिसतो. कॅप निघाली की तिची जागा मऊ ऊतीला मिळते. फुगीर पोर्सेलिनवर ताणून बसवलेली हिरडी मात्र सतत मागे ओढली जात असते.

झुकेल्ली यांच्या गटाने २०१९ मध्ये या दोषांचं वर्गीकरणही सुचवलं. हिरडी किती सरकली, कॅप शेजारच्या दातांच्या रांगेत आहे की पुढे आलेली, स्क्रूचा माथा रांगेबाहेर गेला आहे का, आणि दोन दातांमधली हिरडीची टोकं किती उंच उरली आहेत, असे प्रश्न विचारत ते एकेक पायरी ठरवतात. सौम्य दोष असेल तर कॅपला हात न लावता ग्राफ्ट. त्यापुढे कॅप काढून ग्राफ्ट. त्याहून पुढे स्क्रूवर झाकण घालून हिरडी पूर्ण वर वाढू द्यायची आणि नंतर जाडी वाढवायची. काही वेळा इम्प्लांटच काढून टाकणं हा प्रामाणिक सल्ला असतो. रुग्णाला तो ऐकायला जड जातो, कारण पैसा आणि महिने दोन्ही गेलेले असतात. पण रांगेबाहेर गेलेल्या स्क्रूवर एकामागून एक शस्त्रक्रिया करत राहण्यापेक्षा तो सल्ला वेळेवर दिलेला बरा. वय झालेल्या, शस्त्रक्रिया नको असलेल्या व्यक्तीसाठी कॅपच्या वरच्या कडेला हिरडीच्या रंगाचं गुलाबी पोर्सेलिन जोडणं हाही मान ताठ ठेवून देण्याजोगा पर्याय आहे.

मागच्या दाढांपाशी प्रश्न दिसण्याचा नसतो, ब्रश करता येण्याचा असतो. तिथे टाळूवरची कातडी असलेली पट्टी तशीच लावतात. हा फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट १९६० च्या दशकापासून वापरात आहे. त्याने घट्ट हिरडीचा पट्टा रुंद होतो. निदान दोन मिलिमीटर असावा, असं बहुतेक तज्ज्ञ धरून चालतात. ही पट्टी बरी होताना आकसते, तिचा रंग टाळूसारखा फिकट राहतो, आणि टाळूची उघडी जखम पहिला आठवडाभर चांगली ठणकते. त्यावर टाळूचं प्लॅस्टिकचं झाकण आधीच करून ठेवलं की जेवण सुसह्य होतं. पुढच्या दातांत हा ग्राफ्ट मी टाळायला सांगेन.

टाळू कापायचाच नसेल तर बाजारातले पर्याय आहेत. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी त्वचेतून पेशी काढून टाकून केलेलं अ‍ॅलोडर्म, डुकराच्या कोलॅजनपासून केलेलं म्युकोग्राफ्ट, आणि असेच आणखी काही. टाळूला दुसरी जखम होत नाही, वेळ वाचतो, आणि जाडीही काही प्रमाणात वाढते. तरी उघड्या पडलेल्या इम्प्लांटवर टाळूच्या ऊतीची बरोबरी ते करतात, असं आज म्हणता येत नाही. त्याहून महत्त्वाचं, हे कशापासून बनलंय ते रुग्णाला आधी स्वच्छ मराठीत सांगितलं पाहिजे. शाकाहारी जैन कुटुंबातल्या व्यक्तीला किंवा मुस्लिम रुग्णाला "कोलॅजन मेम्ब्रेन" एवढंच सांगून सही घेणं ही संमती नव्हे. रुग्णाच्याच रक्तापासून केलेली पीआरएफची जाळी सध्या फार बोलबाल्याची आहे. २००१ मध्ये फ्रान्समध्ये ती पुढे आली. टाळूची जखम लवकर भरायला तिचा उपयोग होतो. पण ती काही आठवड्यांतच विरून जाते; ग्राफ्टच्या जागी ती खपवू नये.

आणि वेळ. सगळ्यांत चांगला निकाल हिरडी सरकायच्या आधी, इम्प्लांट बसवताना किंवा त्याचं झाकण उघडताना जाडी वाढवली तर मिळतो. त्या वेळी टाळूच्या बाजूची ऊती दुमडून ओठाच्या बाजूला सरकवणं पुष्कळदा पुरतं. वेगळी पट्टी काढावीही लागत नाही. मऊ ऊती तीन मिलिमीटर जाड असेल तर खालच्या धातूची छटा डोळ्याला जाणवत नाही. दीड मिलिमीटरला जाणवते. अमेरिकेतून किंवा आखातातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन दातांचं काम उरकणारे आपले लोक या टप्प्यालाच मुकतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, पण हिरडी स्थिर व्हायला महिने जातात. त्यांना मी सांगते की दोन फेऱ्यांचं तिकीट काढा, किंवा पुढचा टप्पा तिकडेच करता येईल अशी कागदपत्रं, एक्स-रे आणि इम्प्लांटच्या कंपनीचं नाव व माप बरोबर घेऊन जा. ही माहिती नसेल तर पुढच्या डॉक्टरला कॅप उघडायचा स्क्रूड्रायव्हरसुद्धा सापडत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे: आधी तपासणी आणि स्क्रूची जागा, मग कॅप, मग ग्राफ्टचे प्रकार, शेवटी घरी घ्यायची काळजी. प्रत्येक रुग्णाची छायाचित्रं शस्त्रक्रियेच्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने अशी तिन्ही दिली आहेत, आणि जिथे हिरडी पुन्हा सरकली तीही वगळलेली नाहीत. टाके काढल्याच्या दिवशीचा फोटो नेहमीच सुंदर दिसतो. वाचकाने सहा महिन्यांचा आणि वर्षाचा फोटो शेजारी ठेवून मगच त्या ग्राफ्टबद्दल मत बनवावं, आणि आपल्या डॉक्टरांकडेही तेच दोन फोटो मागावेत.